तापट मांजरीशी संसार

वाचकहो, तुमच्या घरात मांजर असेलच. नसले तर शेजाऱ्याचे असेल, आणि दुपारच्या वेळी तुमच्याच चुलीपाशी अंग चोरून बसत असेल. खेड्यात मांजर कोणी आणावे लागत नाही. ते आपण होऊन येते आणि राहते.

आता एक प्रश्न विचारते. उत्तर मला नको, मनाशीच द्या. ओरबाडणारे, शिंक्यावर डोळा ठेवणारे, माळ्यावर पिले घालणारे मांजर तुमच्या घरच्यांनी कधी गोणत्यात घालून खाडीपलीकडे सोडले आहे की नाही? बहुतेक घरांत हे कधीतरी झालेले असते. आमच्याही घरात तसे गोणते तयार झाले होते. तोंड बांधायला सुंभही काढून ठेवला होता. ते गोणते रिकामेच का राहिले, आणि त्यातून आम्ही घरची माणसे काय शिकलो, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

वादळामागून आलेली पाहुणी

आमची वाडी अलिबाग तालुक्यात, चौलच्या बाजूला. नारळ, सुपारी, खालच्या अंगाला थोडे भात आणि भातामागून वाल. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरचा माणूस विसरणार नाही. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत जिकडे पाहावे तिकडे माड आणि पोफळी आडव्या पडलेल्या. आमच्या घराची अर्धी कौले उडाली. पडलेल्या माडांचे ओंडके आणि झावळ्या आम्ही विहिरीच्या बाजूला रचून ठेवल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या ढिगातून बारीक, चिडका आवाज येऊ लागला. वाकून पाहिले तर काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या अशा तीन रंगांचे एक मांजर, तीन-चार महिन्यांचे, हाडांचा नुसता सापळा. अशी तिरंगी मांजरे जवळजवळ नेहमी मादीच असतात. ही पण मादीच निघाली.

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बंदरावरची असंल. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की त्यांना कोण घालणार खायला?" मावशींचे बोलणे मला पटले. जून-जुलैत मासेमारी बंद असते. मासळी उतरत नाही, साफ होत नाही. तिच्यावर जगणारी मांजरे मग गावात शिरतात.

मी करवंटीत भात आणि मांदेलीची डोकी ठेवू लागले. मी दहा पावले मागे सरले म्हणजे ती येई, खाई आणि पळे. असा महिना गेला. श्रावणात ती पडवीत आली, आणि गणपतीपर्यंत तिने कणगीवरची जागा धरली. अंगाने लवंगेएवढी आणि तिखटपणा मिरचीचा, म्हणून मुलांनी तिचे नाव लवंगी ठेवले.

नावाप्रमाणे गुण

नाव अगदी बरोबर ठेवले गेले. लवंगी आपण होऊन मांडीवर येई, डोळे मिटून घुरघुरे, आणि मायेने पाठीवरून चौथ्यांदा हात फिरवला की त्याच हाताला नखे लावी. आमच्या घरच्यांच्या पायाला ती दाराआडून झडप घाली. जाऊबाईंच्या बांगड्या वाजल्या की तिचे कान मागे जात. सासूबाईंना मांजर मुळातच आवडत नसे. त्या म्हणत, "खायला घाला आणि बोचकारे घ्या. हिच्यापेक्षा उंदीर बरे." मी म्हणे, "आई, लहान आहे, सुधारेल." पण ती सुधारत नव्हती, आणि आम्ही काय चुकतो आहोत हे आम्हालाही कळत नव्हते.

त्या वर्षी शाळा बंद होत्या. धाकट्या जावेची मुलगी सहा वर्षांची. तिला दिवसभर खेळायला एक लवंगीच. ती लवंगीला उचले, टोपडे घाले, बाहुलीसारखी कडेवर घेऊन फिरे. आम्हाला त्याचे कौतुकच वाटे.

दिवाळी झाली, भाताची झोडणी चालली होती. एका दुपारी खळ्यावर कुठलासा दांडगा बोका आला. लवंगी पडवीच्या कठड्यावर उभी राहिली. शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगलेली, आवाज घशातून. पोरीला वाटले, ती घाबरली आहे, म्हणून तिने मागून जाऊन तिला उचलून पोटाशी धरले. पुढच्या क्षणी किंकाळी आली. मनगटावर चार दात खोल गेले होते आणि रक्त वाहत होते.

दात लागले तर काय करावे

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. शेजारून कोणी चुना आणायला सांगितला. सुदैवाने जाऊबाईंना ठाऊक होते. त्यांनी पोरीला ओढत नळाखाली नेले आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली. पोर रडत होती, पण त्यांनी हात सोडला नाही. हीच पहिली आणि मोठी गोष्ट. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही जखमेत भरू नये. मग तडक सरकारी दवाखान्यात.

पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, फक्त कुत्र्यामुळे होतो असा आपल्याकडे समज आहे. पिसाळलेले मांजर चावले तरी तो होतो, आणि एकदा त्याची लक्षणे माणसात दिसू लागली की त्यावर खात्रीचा उपाय नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र तो टाळते. रक्त आले होते म्हणून डॉक्टरांनी जखमेत सीरमही टोचले. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी ठरली. धनुर्वाताचेही इंजेक्शन झाले.

आम्ही घरी येतो तो ओटीवर गोणते तयार. सासूबाईंचे म्हणणे चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. नातीच्या मनगटाला फडके बांधलेले पाहून कोणत्या आजीचे काळीज शांत राहील? आमचे घरचेही म्हणाले, "उद्या पहाटे खाडीपलीकडे सोडून येतो." मी बोलू शकले नाही. लवंगीला घरात मीच घेतले होते.

पण जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी सोडू नका म्हणून सांगितलंय." आणि तसेच सांगितले होते. डॉक्टरांचे शब्द असे: "मांजर मारू नका, सोडूही नका. दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर चावले त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजते. मात्र लस त्यासाठी थांबवायची नाही, ती आजच सुरू." मांजर खाणे सोडते का, तोंडातून लाळ गळते का, आवाज बदलतो का, चालताना तोल जातो का, उगाच अंगावर धावते का, हे पाहायचे आणि तसे काही दिसले तर लगेच कळवायचे.

म्हणजे जिच्यावर घर रागावले होते, तिलाच दहा दिवस जपायचे! गोणते खुंटीला टांगून ठेवले.

दहा दिवसांची राखण

मागच्या लाकडाच्या खोलीत लवंगीला कोंडले. घमेल्यात समुद्रावरची कोरडी वाळू भरून तिला घाणीसाठी ठेवली. खिडकीच्या गजांतून दिवसातून पाच-सहा वेळा पाहायचे. पहिले दोन दिवस मी पाहत होते. तिसऱ्या दिवसापासून जाऊबाईही स्टूल घेऊन बसू लागल्या. आपली मुलगी वाचली की नाही, हे त्या मांजरीच्या अंगावर वाचत होत्या.

आणि नुसते पाहत बसल्यामुळे, आजवर हात लावताना न दिसलेले दिसू लागले. लवंगी एकाएकी चिडत नव्हती. ती आधी सांगत होती. शेपटीचे टोक हलू लागे. मग शेपटी जमिनीवर आपटे. पाठीचे कातडे थरथरे. कान आडवे होत आणि मग मागे चिकटत. डोळ्यांतली बाहुली मोठी होई. घुरघुर थांबे. एवढ्या पाच-सहा सूचना झाल्यावर नख येई. आम्ही चौथ्यांदा हात फिरवत होतो तेव्हा ती तीनदा "पुरे" म्हणून चुकलेली असे.

कुत्रा शेपूट हलवतो ते आनंदाने, म्हणून मांजरही आनंदाने हलवते असे आपण धरतो. तिथेच चूक होते. मांजर उताणे पडून पोट दाखवते तेव्हाही "माझा तुझ्यावर विश्वास आहे" एवढेच ते सांगत असते, "पोटाला हात लाव" असे नाही.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी त्या दुपारचाही उलगडा केला. लवंगीचा राग पोरीवर नव्हताच, तो बोक्यावर होता. भडकलेल्या मांजराला शत्रूपर्यंत पोहोचता आले नाही, की जवळ जो असेल त्याला ते चावते. अशा वेळी त्याला उचलू नये, हात लावू नये. शक्य तर मध्ये दार लोटावे आणि ते निवेपर्यंत वाट पाहावी. काही मांजरांना निवायला तासन्‌तास लागतात.

दहा दिवस झाले. लवंगी धडधाकट होती, उलट कोंडून खाऊन गुबगुबीत झाली होती. जाऊबाईंनीच दार उघडले. लस मात्र आम्ही अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पुरी केली.

मांजर असे का?

गाय, बैल, शेळी यांना माणसाने धरून आणून आपलेसे केले. मांजराची गोष्ट निराळी आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्यांच्या घरातलीच आहे. आफ्रिका आणि पश्चिम आशियातले एक लहान रानमांजर हा घरच्या मांजराचा पूर्वज. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. २००४ साली एक शोध प्रसिद्ध झाला. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले. त्या बेटावर मांजर मूळचे नव्हते. म्हणजे कोणीतरी ते होडीतून सोबत नेले होते. आपल्या दर्यावरच्या माणसांना हे वाचून नवल वाटू नये.

तेव्हा मांजर तुमच्या कणगीपाशी येते ते नोकर म्हणून नाही आणि भिकारी म्हणूनही नाही. ते शेजारी म्हणून येते. शेजाऱ्याशी जसे अंतर ठेवून प्रेमाने राहावे, तसेच त्याच्याशी राहावे लागते.

भटक्या मांजरीचा तापटपणा आणखी एका कारणाने असतो. पिलू दोन ते सात-आठ आठवड्यांचे असते, तो त्याचा माणूस ओळखण्याचा काळ. त्या दिवसांत रोज माणसाचा मऊ हात लागला तर ते माणसाळते. तो काळ भीतीत गेला तर मांजर पुढे माणसाजवळ येते, पण सावधपणा सोडत नाही. लवंगीचे ते दिवस कुठे गेले कोण जाणे. तिचा राग म्हणजे पुष्कळदा भीतीच होती, हे कळल्यावर आमचाही राग निम्मा झाला.

घरात केलेले नियम

आम्ही जे केले ते सांगते. खर्च काही नाही.

मांजराला आपण जाऊन उचलायचे नाही, ते आले तर बसू द्यायचे. हात फिरवायचा तो गालाला, कपाळाला आणि हनुवटीखाली, दोन-तीनदा. मग थांबायचे. ते पुन्हा डोके घासू लागले तरच पुढे. झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पिलांजवळच्या मांजराच्या वाटेला जायचे नाही. मुलांनी हाताने खेळवायचे नाही, सुंभाला झावळीचा तुकडा बांधून लांबून खेळवायचे. ओरबाडले तर मारायचे नाही, उठून निघून जायचे. मार खाल्लेले मांजर शहाणे होत नाही, जास्त भिते आणि जास्त चावते. आणि मांजराला घरात एक उंच जागा द्यावी, जिथे कोणी त्याला हात लावणार नाही. लवंगीची जागा कणगीवर.

एक गंमत पण सांगते. मांजराकडे टक लावून पाहू नका, त्याला तो दमदाटीचा प्रकार वाटतो. त्याऐवजी डोळे बारीक करून सावकाश मिटा आणि उघडा. २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हे करून पाहिले. माणसाने असे केले की मांजरही तसेच डोळे मिटते आणि अनोळखी माणसाजवळही यायला अधिक राजी होते. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीला आपण आजवर चोरटी म्हणत आलो. डोळे मिटणे ही तिची विश्वासाची खूण आहे, हे मला या वयात कळले.

खाणे आणि विष

दुधाचेच बोलायचे तर, पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. त्यांना स्वच्छ पाणी द्यावे. मांजर हा मांसाहारी जीव आहे. मासळी-मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य त्याला लागतेच. ते न मिळाल्यास डोळे जातात, हृदय बिघडते. म्हणून नुसत्या वरणभातावर मांजर ठेवू नये. उकडलेल्या मासळीचे काटे काढून थोड्या भातात कालवून द्यावी. खारवलेली सुकी मासळी द्यायची तर भिजवून, मीठ काढून, आणि क्वचितच.

आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण कांदा आणि लसूण, पांढरा असो वा लाल, मांजराचे रक्त बिघडवतो. म्हणून कालवणातला तुकडा न देता मसाला घालण्याआधीच त्याचा वाटा काढावा. आणखी महत्त्वाचे म्हणजे मांजराला ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. अर्धी गोळीही त्याचा जीव घेते.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोन घालत असाल, तर विष खाल्लेला उंदीर मांजर खाते आणि तेही मरते. घरात मांजर असेल तर घराभोवती सापळा लावावा. शेतात औषध घातले तर मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत. मांजर सुस्त झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाका-तोंडातून रक्त आले, तर कोणते औषध घातले होते त्याचे पाकीट घेऊनच पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

घरात कोणी गरोदर असेल तर तिने मांजराची घाण काढू नये. त्यातून लागणाऱ्या एका रोगाचा गर्भाला धोका असतो. ते काम पुरुषांनी करावे, त्यात कमीपणा नाही.

लस आणि शस्त्रक्रिया

त्याच हिवाळ्यात कोंबड्या झाकायच्या डालग्यात लवंगीला घालून, वर फडके बांधून, आम्ही डॉक्टरांकडे नेले. तिला रेबीजची लस दिली, ती आता दर वर्षी देतो. नंतर पिले न होण्याची शस्त्रक्रियाही केली. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षाला दोन-तीन वेतेही होतात. त्या पिलांचे पुढे काय होते ते आपण सगळे जाणतो आणि कोणी बोलत नाही. शस्त्रक्रियेनंतर खळ्यावरचे बोके येईनासे झाले, आणि लवंगीचा अर्धा ताप तिथेच उतरला.

गोणत्यात घालून सोडणे हा उपाय आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांना एवढेच सांगते. अनोळखी मुलखात सोडलेले मांजर दुसऱ्या मांजरांच्या हद्दीत पडते. मार खाते, उपाशी राहते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे हा गुन्हा आहे.

हिशेब काय झाला?

तुम्ही विचाराल, एवढे करून मांजरीने दिले काय? खोटे सांगणार नाही. घूस तिने एकही मारली नाही. दांडग्या घुशीपुढे मांजर सहसा जात नाही. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोची साथ येते, ती काही एका मांजराने थांबत नाही. चिखलात उतरताना पायाच्या जखमा झाकणे, गमबूट घालणे हे आपले आपणच करायचे. पण घरातली चिचुंदरी आणि लहान उंदीर गेले. कणगीच्या तळाला दरवर्षी पडणारे भोक पडले नाही, आणि वालाचे बियाणे शाबूत राहिले. एवढी जमेची बाजू आहे.

पोरीच्या मनगटावर चार पांढरे ठिपके राहिले आहेत. ती आता मोठी झाली आहे. लवंगीजवळ जाते, हात पुढे करते आणि थांबते. लवंगी कधी येते, कधी पाठ फिरवून कणगीवर चढते. पोर तिला हाक मारत नाही. "आज तिचं मन नाही," म्हणते आणि आपल्या कामाला लागते. घरात पाहुण्यांची लहान मुले आली की हीच मुलगी त्यांना शेपटी कशी पाहायची ते शिकवते.

सासूबाई अजूनही म्हणतात, की त्यांना मांजर आवडत नाही. पण मासळी साफ करताना मांदेलीची दोन डोकी बाजूला काढून ठेवलेली असतात, आणि लवंगी बाहेर असली तर पडवीचे दार लावायला त्यांना रात्री उशीर होतो. मी काही बोलत नाही.

तेव्हा मायबहिणींनो, तुमच्या घरात असे एखादे तिखट जनावर असेल आणि कोणी गोणते काढले असेल, तर एवढे करा. चावले असेल तर माणसाला आधी दवाखान्यात न्या. मग ते गोणते दहा दिवस खुंटीला टांगा, स्टूल घ्या आणि नुसते पाहत बसा. आमचे गोणते पुढच्या वर्षी वाल भरायला उपयोगी पडले.